घरातलं एक मत

जिनिंगपुरा, वर्धा
११ जानेवारी २०२६

प्रिय योगेंद्र,

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. तू फोन उचलत नव्हतास हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. उचलला असतास तर मी काय बोललो असतो हे मलाच ठाऊक नव्हतं. रिंग वाजून बंद झाली की मला थोडं बरंच वाटायचं. पत्रात निदान खोडता येतं.

तू तुझ्या आईबाबांना, काका-काकूंना, हायवेवरच्या जाम गावी तुझ्याकडे राहायला घेऊन गेलास त्या सकाळी मी घरातच होतो. खिडकीतून दिसत होतं. सुलोचनाकाकूंनी तुळशीची कुंडी मागच्या सीटवर ठेवली, मग काढून पायाशी ठेवली, मग मांडीवर घेतली. हिरालालकाका पुढे बसून सरळ समोर पाहत होते. मी शर्ट बदलला, चप्पल घातली, आणि तुमची गाडी वळल्यावर बाहेर आलो. आई ओट्यावर उभी होती.

नगरपरिषदेच्या निकालाच्या दिवशी तू आमच्या दारात येऊन विचारलंस, "सांग बे अंकुश, तू कोनाले देल्लं?" माझ्यामागे आई आणि प्रेरणा, सासू-सून दोघी उभ्या होत्या. मी गप्प राहिलो. तू त्या गप्प बसण्याचा अर्थ लावलास आणि परत गेलास. लहानपणापासून आपण एकमेकांच्या घरात जेवलो, पण तू असा दारातूनच परत गेल्याचं मला एरवी आठवत नाही.

आज लिहून देतो. माझं मत शिलाई मशीन या चिन्हालाच होतं. काकांनाच.

मग गप्प का राहिलास, असं तू विचारशील. एक उत्तर असं, की आपल्या गल्लीत हे विचारत नाहीत. हा नियम काकांचाच. मतदानाच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर सगळ्या गल्लीला तर्री-पोहे, आणि कोणी कोणाला बटन दाबलं हे विचारायचं नाही. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही तेही त्या दिवशी एकाच पातेल्यातली तर्री ओतून घेत. तू तो नियम मोडलास याचा मला राग आला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. दुसरं उत्तरही आहे. ते मला अजून नीट ठाऊक नाही.

आपले टेलर मुनीरभाई म्हणतात तसं, आपल्याकडे मतं तीन प्रकारची. दिल्लीचं मत, मुंबईचं मत आणि नालीचं मत. दिल्लीच्या मतावरून तुमच्या-आमच्या घरात कधी जमलं नाही. काका एका बाजूला, माझे बाबा होते तोवर दुसऱ्या, मध्ये भिंत आणि दोन्हीकडे टीव्हीचा आवाज वाढवलेला. आनंदाबाईंच्या घरचं निळं मत ठरलेलं. मुनीरभाईंचं मत त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही. पण डिसेंबरात नगरपरिषदेला काका उभे राहिले आणि नालीच्या मतावर पहिल्यांदाच ही सगळी घरं एका नावावर आली. काकू म्हणाल्या, "कापड मोजाचं सोडून हे काय नवीन?" काका म्हणाले, "जन्मभर उघडी नाली पाहून राह्यलो, आता झाकाची हाय." तेवढाच त्यांचा जाहीरनामा.

भैयाजीही उभे होते, किटली हे चिन्ह घेऊन. ते नेहमीच असतात. जिनिंग मिलच्या कामावरून सुटले तेव्हापासून त्यांनी एक निवडणूक सोडलेली नाही. मागच्या वेळी आपल्या शाळेतल्या बूथवर त्यांना एकच मत पडलं होतं आणि गल्ली त्यावर वर्षानुवर्षं हसली. घरात माणसं दोन, ते आणि प्रमिलाबाई, आणि मत एक. मग दोघांतून कोणी दिलं नाही? मीही हसलो होतो.

या वेळी मतांचं यंत्र उघडलं तेव्हा त्याच बूथवर किटली काकांच्या पुढे होती. बाकीच्या बूथांवर काका चांगले चालले, पण स्वतःच्या गल्लीत मागे पडले, आणि थोड्या मतांच्या फरकाने स्टेशनकडचा तिसराच माणूस निवडून आला. त्याने प्रचारातसुद्धा आपल्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

त्यानंतर मी गल्लीच्या ग्रुपवर जे लिहिलं, त्याबद्दल एवढंच म्हणतो की आकड्यांवरून जे दिसलं ते लिहिलं. रीतावहिनींनी ते आपल्या सासऱ्यांना वाचून दाखवलं हे मला नंतर कळलं.

काकांची तब्येत कशी आहे, एवढं तरी कळव.

तुझा,
अंकुश


१७ जानेवारी

प्रिय योगेंद्र,

रीतावहिनींचा निरोप आला. माझं पत्र तू उघडलं नाहीस, त्यांनी उघडलं. ठीक आहे. कोणी तरी वाचलं.

त्यांनी लिहिलंय की काका तुझ्या दुकानात बसतात पण गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. हायवेवरचं गिऱ्हाईक थांबतं, घाईत घेतं, जातं. जाममध्ये कोणी बसून गप्पा मारत नाही, त्यामुळे त्यांचं गप्प राहणं खपून जातं. आणि काका म्हणतात, जिथं आपलं कोणी नाही तिथं नाव ठेवून काय करायचं. जिनिंगपुऱ्याच्या मतदार यादीतून नाव काढून जामला लावा. शिवरात्र झाली की तू त्यांना समुद्रपूरला तहसीलमध्ये घेऊन जाणार आहेस.

योगेंद्र, हे होऊ देऊ नकोस. घर बंद राहिलं तर राहू दे. भाड्याने दे, विकसुद्धा, माझं काही म्हणणं नाही. पण मतदानाच्या सकाळी काका रांगेत पहिले नसतील हे मला कल्पनेत आणता येत नाही. मशीनसमोर उभं राहून ते चष्मा पुसायला लागायचे आणि बाहेरून आनंदाबाई ओरडायच्या, "हिरालालभाऊ, बटन दाबाचं हाय, सुईत दोरा नाई ओवाचा!" आतून ते म्हणायचे, "तुमचंच चिन्ह शोधून राह्यलो बाई, सापडून नाई राह्यलं." मतदान अधिकारी घाबरायचा.

त्या दोघांचं मत आयुष्यात कधी एका चिन्हाला पडलं नसेल. डिसेंबर सोडून, असं मी म्हणणार होतो.

संक्रांत झाली. आईने काकूंचं वाण बाजूला काढून ठेवलं आहे. झाकणाचा स्टीलचा डबा. आमच्याकडे बायका जमल्या होत्या, मी आतल्या खोलीत अकरावीचे पेपर तपासत होतो आणि काही ऐकलं. ते आज लिहीत नाही. ते माझं नाही, दुसऱ्यांचं आहे, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं की तू भित्रा आहेस आणि त्याला सभ्यपणा म्हणतोस. दोन्ही मनांना मी राज्यशास्त्रच शिकवलं आहे, त्यामुळे वाद संपत नाही.

अंकुश


२१ जानेवारी

आज ग्रुपवर लिहिलं की निकालावरचं माझं विश्लेषण चुकीचं होतं आणि मी ते मागे घेतो. त्याखाली एकाने फुलांचा गुच्छ टाकला. ऋतिकने विचारलं, "सर, टँकर किती वाजता येईल?"

जखम झाली तेव्हा सगळ्यांनी वाचलं होतं. मलम कोणी वाचलं नाही. तू ग्रुप सोडला आहेस, त्यामुळे तुलाही दिसलं नसेल. म्हणून इथे लिहितो. मी तेव्हा लिहिलं होतं: "जिनिंगपुऱ्यातील शेतकरी आणि कामगार कुटुंबांनी व्यापारी उमेदवार नाकारून आपल्यातल्या माणसाला कौल दिला." वर्गात फळ्यावर लिहावं तसं. वाक्य मला आवडलंही होतं. त्यात 'शेतकरी कुटुंब' म्हणजे माझी आई होती आणि 'व्यापारी उमेदवार' म्हणजे ज्यांच्या दुकानातल्या ठाणाचा माझा पहिला शाळेचा सदरा होता ते काका. पण लिहिताना मला दोघेही दिसले नाहीत.

अंकुश


२६ जानेवारी

प्रिय योगेंद्र,

संक्रांतीला ऐकलं ते लिहितो. आईला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिव. नाई तरी बोलाची हिंमत तं होऊन नाई राह्यली."

हळदीकुंकू आटोपलं होतं. आनंदाबाई कुंकू लावत नाहीत, पण तिळगुळाला सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. त्यांनी तो बाजूला ठेवलेला डबा पाहिला.

"हा कोनाचा?"

"सुलोचनाबाईचा," आई म्हणाली. "पन द्याले कशी जाऊ?"

"काऊन? जामले बस नाई जात काय?"

"बस जाते. तोंड नाई जात."

"लीलाबाई, तुमाले कायची लाज? तुमी तं मशीनलेच देल्लं असन."

मी पेन खाली ठेवलं.

"नाई ना," आई म्हणाली. "मी किटली दाबली."

"माय माय. तुमी बी?"

"बी म्हंजे?"

"म्या बी तेच केलं," आनंदाबाई म्हणाल्या. "थो आलता ना घरी, भैयाजी. एकटाच. ना झेंडा, ना पोरं. हात जोडून म्हने, बाई, तुमच्या घरातलं एक मत मले, बाकीचे सारे हिरालालले. औंदा प्रमिला नाई राह्यली, तं माह्या नावापुढं भोपळा दिसन. मले वाटलं, आमच्या घरातलं एक म्या देऊन टाकाव, पोरं-सुना देतेच हिरालालभाऊले."

"आमच्याकडे बी तेच म्हनला. मी पान्याचा गिलास देल्ला, गुळाचा खडा देल्ला. दारात आलेल्या मानसाले नाई कसं म्हनाव?"

तेवढ्यात प्रेरणा चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्ही काकांना द्याल. म्हणून घरातलं एक मी दिलं."

कोणी हसलं नाही. मग आनंदाबाई सावकाश म्हणाल्या, "माह्या सुनेनं बी देल्लं असन काय वं?"

दिलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. सुनेने दिलं होतं आणि धाकट्या मुलानेही. प्रत्येकाला वाटलं, घरातलं ते एक मत आपणच देतोय. कोणी कोणाला विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हा आपला नियम. तुझ्या वडिलांचा नियम, ज्याचा मला एवढा अभिमान होता.

भैयाजींनी प्रत्येक घराकडे एक मागितलं. प्रत्येक घराने बाकीच्यांचं मत पक्कं धरून हातातलं देऊन टाकलं.

योगेंद्र, गल्लीने काकांना नाकारलं नाही. काका जिंकलेच आहेत असं धरून गल्ली दुसऱ्याची लाज झाकायला गेली. जात, धंदा, शेतकरी, व्यापारी, मी फळ्यावर लिहिलं त्यातलं त्या मशीनमध्ये काहीच नव्हतं. निदान आपल्या बूथवर नव्हतं. बाकी ठिकाणी असेल, मी आता शपथ घेऊन काही सांगत नाही.

आणि आता माझं. मी इतके दिवस एक गोष्ट धरून बसलो होतो, की माझं मत तरी स्वच्छ आहे. निकालाच्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मागे वळून आईचा चेहरा पाहिला आणि मला काहीतरी कळलं. काय ते कळलं नाही, पण "मी काकांना दिलं" असं म्हटलं तर माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघींकडे बोट जाईल एवढं कळलं. म्हणून गप्प राहिलो. यात मला थोडा मोठेपणाही वाटत होता. आपण दोष अंगावर घेतला असा.

तो मोठेपणा परवा मुनीरभाईंनी उतरवला. पँटची उंची कमी करायला गेलो होतो. ते खाली मान घालून टीप मारत होते. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच. नियम मोडला. म्हटलं, मुनीरभाई, तुमच्या घरातलं एक कोणाचं होतं?

त्यांनी मशीन थांबवलं. "सर, मेरा भी, और बेगम का भी. आता काय सांगू. सेठचे ब्लाऊजपीस मी शिवतो, सेठमुळे माझं घर चालते. पन सेठ तं जिंकूनच राह्यले होते."

"कोणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच आश्चर्याने पाहिलं. "तुमीच ना सर. इथंच उभे राहून. जिनिंगपुऱ्याचं बूथ मोजाचीबी गरज नाई, बाहेरचं पाहा, असं म्हनले नाई काय? तुमी शिकवता ते. म्हनलं सर म्हनते तं पक्कंच असन."

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "हो ना. तू जेवताना रोज सांगे, आपल्या गल्लीत काका एकतर्फी हाय. मंग माह्या एका मतानं काय होते?"

मी ते काकांच्या ओट्यावर बोललो, मुनीरभाईंच्या दुकानात बोललो, आनंदाबाईंच्या दारात बोललो. काकांना धीर यावा म्हणून बोललो, आणि थोडं यासाठीही की असं बोलताना लोक माझ्याकडे मान वर करून पाहत होते. मी एक मत काकांना दिलं आणि ह्या तोंडाने किती काढून घेतली ते मोजायला बसत नाही.

ही सगळी हकिकत काकांना सांग. तू मला माफ करावंस असं मागत नाही. त्यांनी नाव काढू नये एवढंच.

हे पत्र पाकिटात घातलं आहे. टाकतो.

अंकुश


८ फेब्रुवारी

प्रिय योगेंद्र,

पाकीट टाकलं नाही. दप्तरात घेऊन रोज कॉलेजला जातो आणि आणतो. त्याचे कोपरे मऊ झाले आहेत.

कारण भैयाजी.

तुला त्यांचं आताचं रूप ठाऊक नाही. निकालापासून रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते नगरपरिषदेत जातात. निवडून आलेला माणूस आपल्या नालीकडे ढुंकून पाहत नाही, तर हे न निवडून आलेले तिथे बाकावर जाऊन बसतात. साहेब भेटेपर्यंत उठत नाहीत. परवा खरंच दोन माणसं टेप घेऊन आली आणि नाली मोजून गेली. शाळेत प्रजासत्ताक दिनाला त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. पोरं त्यांना "नगरसेवक" म्हणून चिडवतात, आणि ते चिडत नाहीत, "बोला, काय काम हाय?" म्हणतात. प्रमिलाबाई गेल्यावर हाच माणूस दाराची कडी लावून बसायचा आणि आई ताट नेऊन द्यायची तेव्हा ते तसंच्या तसं परत यायचं.

तू काकांना खरं सांगितलंस की ते गल्लीत पोचायला वेळ लागणार नाही. मग कोणीतरी चहाच्या टपरीवर भैयाजींना म्हणेल, तुमाले तं लोकायनं भोपळा नको म्हनून देल्ले. म्हणून पाकीट दप्तरात.

आज रविवार. दुपारी भैयाजी स्वतःच आले. नालीवरच्या झाकणासाठी अर्ज लिहून हवा होता. मी लिहायला घेतला. ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "सर, अर्जात खाली हिरालालचं बी नाव टाका."

"काकांचं? का?"

"नाली झाकाची मूळ गोष्ट त्याची हाय ना. मी फक्त मागं लागून राह्यलो. कवा येते थो?"

मी म्हटलं, माहीत नाही. नाव जामला लावून राह्यलेत म्हणे.

त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. मग म्हणाले, "माह्यामुळं."

"नाही भैयाजी."

"नाई कसं? त्याचे मतं मले आले. मी जाऊन भेटलो असतो, लेकन कोन्त्या तोंडानं जाऊ? त्याले वाटन, हा आला मिरवाले. सर, तुमाले एक सांगतो, कोनाले म्हनू नका. माहं मत म्या त्यालेच देल्लं."

माझं पेन कागदावर तसंच राहिलं.

"दर खेपेले म्या दुसऱ्यालेच देतो. आपल्या हातानं आपल्यालेच देनं शोभत नाई. मागच्या खेपेले एक पडलं होतं ना, ज्याच्यावर सारे हसले? ते प्रमिलाचं. ती म्हने, तुमी नका देऊ, मी हाय ना. औंदा ती नव्हती. म्हनून घरोघर गेलतो, एक-एक मांगाले. चारदोन पडले असते तं बस झालं असतं. लोकायनं तं ओंजळ भरून देल्ली. मले मालूमच नव्हतं सर, लोकाच्या मनात आपल्यासाठी एवढं हाय. प्रमिला पाह्यले पाह्यजे होती."

आपल्या बूथवर भैयाजींनी काकांना मत दिलं, आणि काकांच्या मतदारांनी भैयाजींना. त्या क्षणी मी त्यांना सगळं सांगू शकत होतो. दारं उघडी होती, आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, "चहा घेता?" त्यांनी चहा घेतला, अर्जावर सही केली, काकांच्या सहीसाठी जागा ठेवली आणि गेले.

मी आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आता काय करू? काकांना खरं सांगितलं तर भैयाजींचं सुख जातं. नाही सांगितलं तर काका जातात. तुम्ही सगळ्यांनी त्या माणसाची कीव केली आणि—

"कीव?" आई म्हणाली. ती गहू निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं. "कोनी सांगतलं तुले कीव? हे बी तूच ठरवलं? प्रमिला माही मैत्रीन होती. ती असती तं तिनं देल्लं असतं. तिचं मत खाली राह्यलं होतं, ते म्या भरलं. आनंदाबाईले विचार, थे बी तेच म्हनन. मेलेल्या बाईचं काम मांगं राह्यलं तं शेजारनीनं कराव, याले कीव नाई म्हनत."

मी निवडणुका शिकवतो. मतदार कोणत्या कारणांनी मत देतो, यावर दरवर्षी पाच गुणांचा प्रश्न असतो. हे कारण माझ्या कुठल्याच उत्तरात नाही.

आईचं म्हणणं सगळ्यांच्या बाबतीत खरं असेल असं मी धरून चालत नाही. मुनीरभाईंनी फक्त भिडेने दिलं असेल. प्रेरणा म्हणते, तिला खरंच वाईट वाटलं होतं, म्हणजे कीवच. पुन्हा एक सुंदर वाक्य करून ते सगळ्या गल्लीवर लावायचं, ही चूक मी एकदा केली आहे. पण भैयाजींना खरं सांगायचं तर ते टपरीवर कळण्याआधी, आईच्या तोंडून आणि ह्या शब्दांत सांगता येईल एवढं मला आज पहिल्यांदा दिसलं. ऐकून ते सदरा काढून पुन्हा कडी लावून घेतील का, हे मला ठाऊक नाही. माझ्या अंदाजांचं काय होतं ते तू पाहिलंच आहेस.

त्यांना सांगितल्याशिवाय काकांना सांगणार नाही. आणि त्यांनी ऐकून घेतलं, तर काकांना मी सांगण्यापेक्षा त्यांनीच सांगावं. अर्जावर काकांच्या सहीची जागा रिकामी आहे, त्या निमित्ताने त्यांना जामला येता येईल. जिनिंगपुऱ्यातल्या एका माणसाने आपल्याविरुद्ध उभं राहून आपल्यालाच मत दिलं, हे काकांनी त्याच माणसाकडून ऐकायला हवं. आई म्हणते, मग तीही वाणाचा डबा घेऊन येईल. तुझ्या दुकानासमोर बस थांबते ना? तू दारात नसलास तरी चालेल.

हे पत्र आणि दप्तरातलं पाकीट, दोन्ही तेव्हाच तुझ्या हातात देईन. उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा,
अंकुश

उद्या: कॉलेजच्या आधी, आईला सोबत घेऊन भैयाजींच्या घरी जाणे.